आधी सीलंट, मग मेण

पत्रा गार होऊ दे, साईश.
हात ठेवून बघ. तळवा मागे घ्यावासा वाटला
तर अजून अर्धा तास राहू दे तिला फणसाखाली.
तापल्या पत्र्यावर लावलेलं काहीही
डाग होऊन बसतं.

आर्मिंदाबाय सकाळी चावी देऊन गेली.
नवऱ्याची गाडी, बाटलीसारखी हिरवी.
रविवारी मडगावचं गिऱ्हाईक येणार.
म्हणाली, मेस्त, लखलखीत करा,
फक्त दारावरचे ओरखडे काढू नका.
म्हटलं, भाव पाडतील.
म्हणाली, पाडू देत.

बघ, इथे, चावीच्या भोकाभोवती.
एक ओरखडा नाही हा. शेकडो आहेत, केसाएवढे.
रुझारबाब रात्री चष्मा घालत नसत.
भोक सापडेपर्यंत अंगठी पत्र्यावर फिरायची.

आता क्ले घे. साबणाचं पाणी सढळ हाताने.
ऐकू येतंय? खर्र.
धुऊन जाते ती धूळ वेगळी,
ही रंगात रुतलेली.
क्लेची घडी उलटून दाखव.
लाल.

ही माझी आहे.
सावर्ड्याच्या ह्याच रस्त्याने धक्क्यापर्यंत
दिवसाला पाच खेपा,
ताडपत्री कधी बांधलेली, कधी नुसती टाकलेली.
रुझारबाब बाल्कनीत नाकाला रुमाल लावून
माझ्या ट्रकचा नंबर मोठ्याने वाचत,
आणि नंबरानंतर माझ्या आईचं नाव घेत.
खाण बंद झाली. ट्रक किलोवर गेला.
आता तीच धूळ मी काढतोय,
साडेतीन हजार रुपयांत.
हे बायला सांगायचं नाही.

आता सीलंट. पातळ लाव.
दव पडल्यासारखं नको,
दव पडेल असं वाटावं, एवढंच.
डबीवर लिहिलंय एक तास.
ती डबी सावर्ड्यात राहिलेली नाही.
इथे हवेलाच घाम येतो.
बोट ओढून बघ, ओशट रेघ उठली तर थांब.
आज रात्रभर असंच.
उद्या पोदेराचा भोंपू वाजला की मेण.

मेण आधी का नाही?
मी लावलं होतं एकदा, बँकेच्या मॅनेजरच्या पांढऱ्या गाडीला.
वरचं सीलंट अळवावरच्या पाण्यासारखं पळालं.
मेण स्वतःवर कुणाला टिकू देत नाही.
दिसायला देखणं, उजेडाला जरा ऊब आणतं,
आणि दोन महिन्यांत निघून जातं न सांगता.
सीलंटला रूप नाही, काचेसारखं कोरडं,
पण रंगाला धरतं ते धरतंच.
म्हणून ते खाली.
तुला दोन्हींचे पैसे लावता येतात, हेही लक्षात ठेव.

*

दिवे लागल्यावर आर्मिंदाबाय आली, कुंपणाच्या बाजूने,
हातात कालव्यांची पिशवी.
बॉनेट बघितलं नाही.
बल्ब दारासमोर धरलेला होता,
आणि उजेडाभोवती ते सगळे ओरखडे
गोल गोल फिरून बसले होते,
विहिरीत खडा पडल्यासारखे.
तिने मधोमध बोट ठेवलं.
ठेवलं आणि काढलंच नाही
पॅसेंजर गाडी कुडचड्याकडे निघून जाईपर्यंत.

ती गेल्यावर साईश फडकं घेऊन पुढे झाला.
ओल्या सीलंटवर ठसा,
स्पष्ट, रेघन् रेघ.

राहू दे, म्हटलं.
पण मेस्त, गिऱ्हाईक...
गिऱ्हाईकाला हिरवा रंग दिसेल.
बल्ब काढ. पाच वाजता ये.

तो गेला. मी क्लेचा गोळा पाण्यात बुडवला,
पिळला, पुन्हा बुडवला.
लाल काही सुटेना.